राखलेलं पत्र

श्रोतेहो, नमस्कार.

घरातले महत्त्वाचे कागद कुठे ठेवलेले असतात, हे तुम्हाला सांगायला नको. सातबारा, खरेदीखत, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, सगळं पत्र्याच्या ट्रंकेत, तळाशी, लुगड्याच्या घडीखाली. ट्रंकेची किल्ली एकाच माणसाकडे असते, आणि ते माणूस कुठला कागद कुणाला दाखवायचा आणि कुठला नाही, हे पक्कं जाणून असतं. आज ज्या शेतकऱ्याची गोष्ट सांगणार आहे, त्याच्याकडे १९२० सालच्या ऑगस्टमध्ये असाच एक कागद राखायला आला. तो कागद म्हणजे एका देशाच्या प्रमुखाचा राजीनामा होता. देश होता पोलंड. आणि तो शेतकरी त्या वेळी त्या देशाचा पंतप्रधान होता.

नाव कानाला नवं आहे, म्हणून दोनदा सांगतो. विंत्सेंती वितोस. विंत्सेंती वितोस. आणि त्यांच्या पक्षाचं नाव प्यास्त. पोलिश दंतकथेत प्यास्त नावाचा चाकं घडवणारा एक साधा गावकरी आहे. पोलंडचं पहिलं राजघराणं त्याच्या वंशातून आलं असं मानतात. राजाचा मूळपुरुष आमच्यातला, असं सांगणारं हे नाव शेतकऱ्यांनी आपल्या साप्ताहिकाला दिलं आणि साप्ताहिकावरून ते पक्षाला मिळालं.

आता थोडं मागे जाऊ, पण थोडंच. अठराव्या शतकाच्या शेवटी पोलंड नकाशावरून पुसला गेला. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी तो वाटून घेतला. ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या भागाला गॅलिशिया म्हणत. तिथली वेठबिगार १८४८ साली संपली, पण जमीनदाराचा वाडा, त्याचं जंगल, त्याचं कुरण तसंच राहिलं. शेतकऱ्याच्या जमिनीच्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत गेल्या. भावाभावांत वाटून वाटून पट्टे एवढे अरुंद झाले की त्यावर घर चालेना. वाटणी काय करते, हे तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. हजारो लोक जहाजात बसून अमेरिकेला गेले. मागे राहिले त्यांच्यासाठी १८८९ साली ल्वुफ शहरात एक वर्तमानपत्र निघालं. त्याच्या नावाचा अर्थ ‘लोकांचा मित्र’. काढणारे होते बोलेस्वाव विस्वोउख, आणि त्यांच्या बरोबरीने त्यांची पत्नी मारिया.

इथे एक सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या काळी गावात ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. मला वाटतं, मोठ्याने वाचलेली बातमी वेगळीच असते. चार माणसं एकत्र बसून ऐकतात तेव्हा लगेच कुणी म्हणतं, हे खोटं आहे, कुणी म्हणतं, आमच्याकडे असंच झालं. एकट्याने खाली मान घालून वाचलेल्या बातमीला असं कुणी अडवत नाही. म्हणून माझं सगळ्या आईवडिलांना सांगणं आहे, घरात रोज एक पान तरी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. असो. मी पोलंडमध्ये होतो.

२८ जुलै १८९५. झेशुफ नावाच्या गावी शेतकऱ्यांचा पक्ष स्थापन झाला. वर्ष पुन्हा सांगतो, १८९५. अंगात गावठी डगला घातलेली माणसं प्रांतिक विधिमंडळात सरदारांच्या शेजारी जाऊन बसू लागली. १९०३ साली या पक्षाचं नाव पोलिश लोकपक्ष झालं. पुढे १९१३ मध्ये पक्षाचे पुढारी यान स्तापिन्स्की यांच्यावर विएन्नाच्या सरकारकडून पैसे घेतल्याचा आरोप झाला आणि पक्ष दुभंगला. फुटून निघालेल्यांनी फेब्रुवारी १९१४ मध्ये तार्नुफ शहरात वेगळी चूल मांडली. तोच हा प्यास्त पक्ष. त्यातलं मोठं होत गेलेलं नाव वितोस.

वितोस २१ जानेवारी १८७४ रोजी तार्नुफजवळच्या व्येझ्खोस्वावित्से गावात जन्मले. उच्चार अवघड आहे, आपण ‘वितोसचं गाव’ एवढंच म्हणू. घरची अत्यंत गरिबी. शाळा चार इयत्ता. त्यानंतर बापाबरोबर जंगलात लाकूडतोड. पण मिळेल ते वाचायचे, आणि विशीतच टोपणनावाने वर्तमानपत्रात लिहायला लागले. १९०९ पासून १९३१ पर्यंत ते गावाचे प्रमुख होते. आपण ज्याला सरपंच म्हणू, तसे. मधल्या काळात विएन्नाच्या संसदेत गेले, स्वतंत्र पोलंडच्या संसदेत गेले, तीनदा पंतप्रधान झाले, तरी गावचं प्रमुखपद सुटलं नाही आणि घरची शेतीही सुटली नाही.

त्यांचे फोटो पाहिलेत तर एक गोष्ट लगेच दिसेल. गळ्यात टाय नाही. पांढरा शर्ट वरच्या बटणापर्यंत लावलेला, अंगात साधा कोट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. पंतप्रधान झाले तरी हेच, परदेशी राजदूतांसमोर गेले तरी हेच. वॉर्साच्या दिवाणखान्यांत यावर कुजबुज व्हायची. माझं म्हणणं असं की माणूस ज्या कपड्यात काम करतो त्याच कपड्यात त्याला मोठ्या खुर्चीवर बसता आलं पाहिजे. शाळेच्या स्नेहसंमेलनात एप्रिलच्या उन्हात लहान लेकरांच्या गळ्यात टाय बांधलेले बघतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ते बांधू नयेत असं माझं मनापासून मत आहे.

आता त्या कागदाकडे येतो. यासाठीच आज तुमच्यापुढे बसलोय.

१९२० चा उन्हाळा. पोलंडला स्वतंत्र होऊन दोन वर्षंही पुरी झालेली नाहीत आणि रशियाच्या लाल सेनेशी लढाई चालू आहे. जुलैमध्ये पोलिश फौज मागे हटायला लागते. मिन्स्क गेलं, विल्नो गेलं, महिन्याच्या अखेरीला ब्यावीस्तोक गेलं. सरकार कोसळलं. अशा वेळी पंतप्रधान म्हणून कुणाला बोलवायचं? फौजेतले बहुतेक शिपाई शेतकऱ्यांचे मुलगे. समोरून येणारी सेना शेतकऱ्याला सांगते आहे की आम्ही तुला जमीनदारापासून सोडवायला येतोय. तेव्हा शेतकऱ्याला शेतकऱ्यानेच बोलायला हवं. २४ जुलैला वितोस पंतप्रधान झाले, आणि समाजवादी कामगार पुढारी इग्नात्सी दाशिन्स्की उपपंतप्रधान. त्या सरकारला ‘राष्ट्ररक्षणाचं सरकार’ म्हणत.

दिवस कापणीचे. रान पिकलेलं, आणि घरातला कर्ता मुलगा लढाईवर. तुम्ही नुसतं डोळ्यांपुढे आणा. त्या आठवड्यात वितोस यांनी देशभरातल्या शेतकरी भावांना उद्देशून जाहीर पत्र काढलं. हा देश आता सरदारांचा नाही, तुमचा आहे, तो तुम्हीच राखायचा आहे, असा त्याचा आशय. त्या आधी थोडेच दिवस, १५ जुलैला, संसदेने जमीनसुधारणेचा कायदा केला होता. मोठ्या जमीनदाराला ठरावीक मर्यादेपर्यंतच जमीन ठेवता येईल, बाकीची वाटली जाईल, असा तो कायदा. म्हणजे पत्रामागे काहीतरी होतं, कोरडा उपदेश नव्हता. लाल सेनेबरोबर आलेल्या पोलिश क्रांतिकारी समितीला वाटलं होतं की गावंच्या गावं आपल्या बाजूला उठतील. तशी ती उठली नाहीत.

तरी फौज मागेच येत होती. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शत्रू राजधानीच्या दाराशी. परदेशी राजदूत सामान बांधून वॉर्सा सोडायला लागले. पोपचे दूत आकिल्ले रात्ती मात्र हलले नाहीत, जे पुढे स्वतः पोप झाले.

आणि १२ ऑगस्टला युझेफ पिउसुद्स्की पंतप्रधान वितोस यांना भेटले. पिउसुद्स्की म्हणजे देशाचे प्रमुख आणि सगळ्या सेनेचे सरसेनापती. दोन्ही पदं एकाच माणसाकडे. त्यांनी वितोस यांच्या हातात एक पत्र दिलं. पत्रात लिहिलं होतं की मी दोन्ही पदांचा राजीनामा देतो. देशप्रमुख म्हणूनही, सरसेनापती म्हणूनही. शत्रूला तह करायचा तर माझं नाव त्याच्या आड येतं, दोस्त राष्ट्रांचा माझ्यावर विश्वास नाही, तेव्हा माझ्या जाण्याने देशाचं भलं होत असेल तर सरकारने हा राजीनामा वापरावा, असा सगळा रोख. पत्र दिलं आणि पिउसुद्स्की वॉर्सा सोडून दक्षिणेला निघाले, व्येप्श नदीकाठी जमवलेल्या फौजेकडे, शेवटचा हल्ला चढवायला.

आता वितोस यांच्या जागी स्वतःला उभं करा. हातात देशप्रमुखाच्या सहीचा राजीनामा. शत्रू वीस-पंचवीस किलोमीटरवर, राझिमिन गावापाशी लढाई चाललेली, ते गाव कधी यांच्या हाती तर कधी त्यांच्या. राजधानीत पिउसुद्स्कींचे विरोधक भरपूर. पराभवाचं खापर त्यांच्या माथी फोडायला टपलेले. वितोस स्वतः काही पिउसुद्स्कींचे भक्त नव्हते, दोघांचं कधीच फारसं जमलं नाही. हा कागद मंत्रिमंडळासमोर ठेवला असता, तर नियमाने ते बरोबरच ठरलं असतं. वर्तमानपत्राच्या हाती पडला असता, तर त्याच रात्री नदीकाठच्या फौजेला कळलं असतं की आपल्या सेनापतीने पद सोडलंय. मग पहाटे कोण कुणाच्या हुकमावर धावलं असतं?

वितोस यांनी पत्र ठेवून दिलं. राजीनामा मंजूर केला नाही, जाहीरही केला नाही. जवळच्या एक-दोन माणसांपलीकडे तो विषय गेला नाही.

१३ तारीख गेली. १४ गेली. १५ ऑगस्ट गेला. १६ ऑगस्टला व्येप्श नदीकडून पिउसुद्स्कींची फौज उत्तरेला सुटली आणि लाल सेनेच्या बगलेत घुसली. दोन दिवसांत चित्र पालटलं. चार-पाच दिवस आधी वॉर्सा जिंकायला आलेली सेना पूर्वेला पळत होती. पोलंड वाचला. सगळीकडे पिउसुद्स्कींचा जयजयकार झाला. आणि वितोस यांनी ते पत्र त्यांना परत केलं.

पुन्हा सांगतो, कारण गोष्टीचा जीव इथे आहे. पत्र परत केलं. त्याच्या बदल्यात काही मागितलं नाही. पुढे कधी अडचण आली तर उपयोगी पडेल म्हणून दाबून ठेवलं नाही. ज्याचा कागद त्याला दिला.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला शेतातली माणसं आठवली. शेजाऱ्याची चावी, शेजाऱ्याचं दागिन्याचं गाठोडं, कोर्टाचा दावा चालू असतानाही त्याच शेजाऱ्याची राखण करणारी माणसं. बांधावरून बोलणं बंद असतं, पण रात्री त्याच्या गंजीला आग लागली तर पहिली कळशी घेऊन हेच धावतात. वितोस यांच्या अंगात ती गावची रीत होती असं मला वाटतं. सरदारांच्या घरी वाढलेल्या पुढाऱ्याने कदाचित वेगळा हिशोब केला असता.

पण मी एकांगी बोलणार नाही. वितोस यांच्याही चुका झाल्या. त्यांचा पक्ष जमीन असलेल्या शेतकऱ्याचा होता. भूमिहीन मजुराला त्यात फारशी जागा नव्हती. १९२२ च्या निवडणुकीत प्यास्तला ४४४ पैकी ७० जागा मिळाल्या, आणि १९२३ मध्ये वितोस यांनी उजव्या राष्ट्रवाद्यांशी करार करून दुसऱ्यांदा सरकार बनवलं. चलन रोज घसरत होतं, पगार हातात येईपर्यंत त्याची किंमत जात होती. नोव्हेंबरमध्ये क्राकुफ शहरात संपकरी कामगार आणि लष्कर यांच्यात रक्त सांडलं. डिसेंबरात सरकार गेलं. ते रक्त वितोस यांच्या नावावर लिहिलं गेलं आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं.

१० मे १९२६ ला ते तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले. दोनच दिवसांनी, १२ मेला, पिउसुद्स्की आपल्याशी एकनिष्ठ पलटणी घेऊन वॉर्सावर चालून आले. होय, तेच पिउसुद्स्की. तीन दिवस राजधानीच्या रस्त्यांत पोलिश शिपाई पोलिश शिपायांवर गोळ्या झाडत होते. पावणेचारशेच्या वर माणसं मेली. १४ मेला राष्ट्राध्यक्ष वोय्चेखोफ्स्की आणि पंतप्रधान वितोस बेल्वेदेर राजवाड्यातून निघाले आणि पायी विलानुफपर्यंत चालत गेले. लढत राहायला अजून फौज होती, पण देशात यादवी नको म्हणून दोघांनी पदं सोडली.

पुढे सप्टेंबर १९३० मध्ये विरोधी पुढाऱ्यांना रात्रीतून उचलून ब्रेस्तच्या किल्ल्यात टाकलं. वितोस त्यात होते. वय ५६, तीन वेळचे पंतप्रधान. त्या लष्करी तुरुंगात कैद्यांना मारहाण झाली, त्यांचा जाणूनबुजून अपमान केला गेला. मग खटला चालला. आरोप असा की यांनी सरकार उलथवण्याचा कट केला. वितोस कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले त्याचा अर्थ असा, की बंड करून जे सरकार पाडलं गेलं त्याचा प्रमुख मी होतो. कट मी केला नाही, कट माझ्यावर झाला. आणि आज कटाचा आरोपी म्हणून मीच इथे उभा आहे. जानेवारी १९३२ मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली.

अकरा-बारा वर्षांपूर्वी ज्यांचा राजीनामा राखला, त्यांच्याच राजवटीत ही शिक्षा झाली. ती भोगण्याऐवजी वितोस १९३३ साली सरहद्द ओलांडून चेकोस्लोव्हाकियात गेले आणि साडेपाच वर्षं परक्या मुलखात राहिले. घरची जमीन डोळ्यांआड.

बाकीचं झरझर सांगतो, घड्याळाचा काटा पुढे गेलाय. १९३१ मध्ये प्यास्त आणि दुसरे दोन शेतकरी पक्ष एकत्र येऊन एकच लोकपक्ष झाला. ऑगस्ट १९३७ मध्ये या पक्षाने दहा दिवसांचा शेतकरी संप केला. शहरांकडे दूध, भाजी, धान्य काही जाऊ दिलं नाही. मागण्यांत एक मागणी होती, वितोस यांना परत येऊ द्या. पोलिसांच्या गोळ्यांनी चाळीसहून जास्त शेतकरी मेले. वितोस परत आले ते मार्च १९३९ मध्ये, आणि त्याच सप्टेंबरात पश्चिमेकडून जर्मनांनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंड घेतला. जर्मनांनी त्यांना पकडलं, आपल्या बाजूला वळवायचा प्रयत्न केला. ते वळले नाहीत. युद्ध संपल्यावर नव्या कम्युनिस्ट सत्तेने त्यांना मोठं पद देऊ केलं. त्या पदावर ते कधी जाऊन बसले नाहीत. ३१ ऑक्टोबर १९४५ ला वारले. गावीच त्यांची समाधी आहे.

आता जरा आपल्या कोल्हापुराकडे या. ओढून आणलेला संबंध नाही हा, खरा आहे. वितोस पंतप्रधान असतानाच, डिसेंबर १९२० मध्ये, एक कायदा झाला. लढाईत लढलेल्या शिपायांना पूर्वेकडच्या सीमेवर कसायला जमीन द्यायची. ती कुटुंबं तिकडे गेली, घरं बांधली, विहिरी खणल्या. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत सोव्हिएत पोलिसांनी त्यांनाच पहिल्या फेरीत उचललं आणि मालगाड्यांत भरून सैबेरियाकडे नेलं. जी जगली वाचली, त्यांतली काही कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली, आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १९४८ पर्यंत ती तिथे होती. वळिवड्यात आजही जुनी माणसं ‘पोलिश कॅम्प’ म्हणतात. छावणीत माणसं यायला लागली त्या वर्षी, जुलै १९४३ पासून, लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सरकारचे पंतप्रधान होते स्तानिस्वाव मिकोवायचिक. याच शेतकरी पक्षाचे.

मिकोवायचिक युद्धानंतर पोलंडला परतले, पक्ष पुन्हा उभा केला. जानेवारी १९४७ च्या निवडणुकीत इतकी फसवणूक झाली की त्यांच्या पक्षाला ४४४ पैकी २८ जागा दिल्या गेल्या. ‘मिळाल्या’ म्हणत नाही, ‘दिल्या गेल्या’. त्या ऑक्टोबरात जीव वाचवून ते देशाबाहेर पडले. उरलेला पक्ष सत्तेच्या दावणीला बांधला गेला आणि चाळीस वर्षं तसाच होता. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. पूर्व युरोपात बहुतेक ठिकाणी शेतजमीन सक्तीने सामूहिक झाली, पोलंडमध्ये ते जमलं नाही. बरीचशी जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहिली. तो शेतकरी आपला बांध सोडायला तयारच नव्हता.

१९९० मध्ये पक्षाने पोलिश लोकपक्ष हे जुनं नाव पुन्हा घेतलं. चार पानांचं हिरवं क्लोव्हर, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याचंच एक रोप, हे त्याचं चिन्ह. आता तो लहान पक्ष आहे. २०१५ मध्ये ५.१३ टक्के मतं मिळाली, संसदेत शिरायला ५ लागतात. ४६० पैकी १६ जागांवर संसार. तिथून सावरला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याचे अध्यक्ष व्वादिस्वाव कोशिन्याक-कामिश उपपंतप्रधान आणि संरक्षणमंत्री झाले.

त्याच २०२३ च्या मे महिन्यात पोलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रेस्त खटल्याचा निकाल रद्द केला आणि वितोस यांच्यासह शिक्षा झालेल्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. शिक्षेला ९१ वर्षं झाली होती. वितोस जाऊन ७७.

नमस्कार.